भाद्रपदातली हळद

निवृत्त नटीकडे माणसं दोन कारणांनी येतात. एक तर कुठल्या तरी सत्काराला बोलवायला, नाहीतर जुने फोटो मागायला. धर्मराज घरत तिसऱ्याच कामासाठी आला होता. २००५ सालची गोष्ट. पनवेलला वडाळे तलावाच्या बाजूला माझी दोन खोल्यांची जागा आहे, तिथे एका शनिवारी सकाळी हा उंच, सडसडीत, काळासावळा माणूस दारात उभा राहिला. अंगात पांढरा शुभ्र पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. पाणी प्यायला, पेला जागेवर ठेवला आणि म्हणाला, "बाई, मला गप्प उभं राहायला शिकवा."

मी म्हटलं, "बोलायला शिकव म्हणणारे पुष्कळ भेटले. गप्प राहायला कशाला शिकायचंय तुला?"

"मी तळोज्याला एका रंगाच्या कारखान्यात जनसंपर्क अधिकारी आहे. आजूबाजूच्या गावांत बैठका होतात. लोक चिडतात, शिव्या घालतात. त्यांचं चूक नाही, वासच तसा येतो. पण ते बोलत असतात तेव्हा माझ्या हातांचं काय करायचं तेच कळत नाही. मागे बांधले तर साहेब वाटतो, पुढे बांधले तर भिकारी. जरा हसलो तर म्हणतात, बघा, हसतोय कंपनीचा कुत्रा."

मला हसू आलं आणि त्याच्याबद्दल आदरही वाटला. रंगभूमीवर सगळ्यात अवघड काम तेच असतं. समोरचा नट लांबलचक भाषण ठोकत असतो आणि आपल्याला नुसतं उभं राहायचं असतं. मी त्याला एवढंच सांगितलं, "समोरचं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोयस असं ऐक. हातांकडे बघू नकोस." मग महिनाभर दर शनिवारी मी त्याला तळोज्याच्या एखाद्या चिडलेल्या बाईसारखी शिव्या द्यायची आणि तो ऐकायचा. मला किती वर्षांनी ओरडायला मिळालं होतं! शेजारच्या सुनीताबाई एकदा धावत आल्या, कुणाचं भांडण झालं म्हणून.

तेव्हापासून तो शनिवारी येतच राहिला. कधी शिकायला, कधी नुसता चहाला.

धर्मराज इथलाच, आगरी घरातला. वडील मिठागरावर राबले. जमीन गेली, त्या बदल्यात याला कारखान्याच्या गेटवर नोकरी लागली. नोकरी करता करता पनवेलच्या कॉलेजातून बी. ए. झाला. जनसंपर्काची खुर्ची त्याला मिळाली ती आधीचे मुंबईचे गृहस्थ पळून गेले म्हणून. गावच्या बायकांनी नाल्याचं पाणी बादलीत भरून आणलं आणि त्यांच्या टेबलावर ओतलं. त्यांनी टेबल पुसलं आणि राजीनामा लिहिला. मग कुणाला तरी आठवलं की गेटवरच्या घरतला सगळी गावं ओळखतात.

जनसंपर्क म्हणजे गुच्छ देणं, पत्रकारांना सामोसे खिलवणं, असं मला वाटायचं. धर्मराजचं काम पाहिलं आणि मी थक्क झाले. त्याच्या जीपच्या मागे पादत्राणांचे तीन जोड असत. खाजणाच्या चिखलात उतरायला रबरी बूट, हळदीला कोल्हापुरी चपला, पत्रकारांसाठी काळे बूट. एकदा वासाची बातमी करायला मुंबईहून तीन पत्रकार आले. दुसरा कुणी असता तर त्यांना आधी वातानुकूलित खोलीत बसवलं असतं. याने त्यांना थेट गावातल्या शाळेच्या पटांगणात नेलं, बायकांना बोलावलं आणि म्हणाला, "आधी यांचं ऐका. मी चार वाजता गेटवर आहे." पत्रकार चक्रावले. बातमी आली ती कारखान्याला झोडपणारीच होती, पण तिच्यात गावकरी काय म्हणतात ते सगळं खरं होतं, आणि कारखान्याने कान उघडे ठेवलेत असंही एक वाक्य होतं. साहेब चिडले. गावं मात्र त्या दिवसापासून त्याच्याशी नीट बोलायला लागली.

मी विचारलं, "हे कोणत्या पुस्तकात शिकलास?"

"पुस्तकात नाही, बाई. लोक बातमी वाचायच्या आधी कोणी सांगितली ते बघतात. मग त्यांनाच सांगू दे की."

पण त्याची खरी करामत होती हळदींचं कॅलेंडर.

इकडच्या आगरी-कोळी गावांतली हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळचा हा सोहळा लग्नापेक्षा मोठा. हजार-दीड हजार माणूस जेवतं, बँजो वाजतो, नाक्यापासून मांडवापर्यंत शुभेच्छांचे फ्लेक्स लागतात. २००६ च्या वैशाखात धर्मराज अशाच एका हळदीला गेला होता. पंगत बसली, ताटात मटण-भाकरी पडली, आणि कारखान्याने रंगाची मोठी भांडी धुवायला काढली. धुलाईचं पाणी नाल्याला लागलं की कुजलेल्या अंड्यासारखा वास उठायचा. उरणकडचे पाहुणे तोंडाला रुमाल लावून बसले. मुलीचा बाप पंगतीतून हात जोडत फिरायला लागला, "माफ करा, पावनं, माफ करा."

शनिवारी धर्मराजने मला ते सांगितलं. "वास आमचा, बाई, आणि माफी तो मागत होता."

त्याने आठ गावांतल्या लग्नपत्रिका जमवायला सुरुवात केली. भिंतीएवढं कॅलेंडर केलं. हळदीला पिवळा ठिपका, जत्रेला लाल, गावकीच्या पूजेला हिरवा. ते घेऊन तो उत्पादन सांभाळणाऱ्या साहेबांकडे गेला. हे वेणू नायर, केरळचे, नुकतेच बदलून आलेले, कामाला कडक पण मनाने सरळ. धर्मराज म्हणाला, "साहेब, ठिपका असेल त्या दिवशी धुलाई नको. दुसऱ्या दिवशी करा." वेणूसाहेबांनी कॅलेंडरकडे पाच मिनिटं पाहिलं आणि आपल्याच केबिनमध्ये टांगायला सांगितलं.

त्या उन्हाळ्यात एकाही हळदीला वास आला नाही. मुंबईच्या मुख्य कार्यालयाने धर्मराजला ढाल दिली. गावांत तर गंमतच झाली. पत्रिका छापून आली की पहिली कुलदैवताला ठेवतात, दुसरी धर्मराजकडे यायला लागली. "आधी देवाला, मंग धर्माला," असं पोरंटोरं चिडवायची. तो लाजायचा. त्याला आवडायचंही.

मलाही फार अभिमान वाटला होता. मोठमोठे नट लोकांना हसवतात, रडवतात. हा गडी लोकांना कळू न देता त्यांची संध्याकाळ सुंदर करत होता. असा पडद्यामागचा कलावंत मी दुसरा पाहिला नाही.

पुढच्या वर्षी आषाढात त्याच्या बहिणीचा फोन आला. भामा त्याच्याहून मोठी, खाडीकाठच्या एका गावात दिलेली. गावाचं नाव मी लिहीत नाही. खाजणात तिचं एक तळं होतं. भरतीला बांधावरची उघाडी, म्हणजे लाकडी झडप, उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं. त्या पाण्याबरोबर जिताडा माशाची पिल्लं येतात, ती वाढवायची.

"धर्मा, खारीचा पानी लाल झायलाय रं. पिलां उलटी परलीन."

तो तसाच वेणूसाहेबांच्या केबिनमध्ये शिरला. त्यांनी शांतपणे कॅलेंडरकडे बोट दाखवलं. जुलैच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत एकही पिवळा ठिपका नव्हता.

"देखो घरत, शादी के दिन हम रुकते हैं, तो काम जमा होता है ना? ये चार महीना पूरा खाली है. तुमने ही तो दिया."

चातुर्मास. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे लग्नं लागत नाहीत. हळदी नाहीत, म्हणून ठिपके नाहीत, म्हणून कारखान्याने वर्षाची तुंबलेली धुलाई त्या चार महिन्यांत काढली. पाणी साफ करण्याची टाकी लहान होती. जास्तीचं सगळं पावसाच्या पाण्याबरोबर खाडीला गेलं.

त्या शनिवारी त्याने चहाला हात लावला नाही. "मी लोकांच्या जेवणाचा वास घालवला," तो म्हणाला, "आणि त्यांच्या खाडीची तारीख ठरवून दिली."

त्याने मोठ्या टाकीसाठी मुंबईला टिपण पाठवलं. उत्तर आलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच उत्तर. आणि २००८ चा पावसाळा तोंडावर आला.

मग तो एकदा आला तो डोळ्यांत वेगळीच चमक घेऊन. "बाई, मी लग्नं लावणार आहे."

"कुणाची?"

"कुणाचीच नाही. नुसते ठिपके. वेणूसाहेबांना चातुर्मास कुठे माहीत आहे? गेल्या वर्षी पत्रिका माझ्यापर्यंत आल्याच नव्हत्या म्हणेन. त्यांच्याकडे ओणमच्या महिन्यात लग्नांचा धुमधडाका असतो."

मी पोट धरून हसले आणि लगेच कागद पुढे ओढला. खोटं कशाला बोलू, माझ्या म्हातारपणातले ते सर्वांत मजेचे शनिवार होते. आम्ही नवरे-नवऱ्या जमवत होतो. मी विचारायची, मुलगा काय करतो? मुलीकडचे कुठले? तो म्हणायचा, "बाई, कॅलेंडरवर एवढं मावत नाही हो." मी म्हणायची, "मावत नसलं तरी तुला ठाऊक पाहिजे. कुणी विचारलं तर अडखळशील." आणि मी त्याला एक गोष्ट शिकवली, जी मला माझ्या गुरूंनी शिकवली होती. खोट्या प्रसंगाला आतून खऱ्याचं अस्तर लावावं. खरं नाव, खरं घर, खरी माया आठवावी, मग आवाज कापत नाही.

हे मी शिकवलं. पुढे जे झालं त्यात माझा वाटा आहे, आणि तो मी आधीच सांगून ठेवते.

श्रावण छान गेला. कारखान्यातल्या सगळ्या मराठी माणसांना कळलं होतं. जीपचा ड्रायव्हर, गेटवरचे, हिशेबनीस, सगळे कॅलेंडरकडे बघून ओठ चावायचे, पण कुणी ब्र काढला नाही. वेणूसाहेबांना चहा देणारी रंभा तर नाटकात शोभली असती. साहेबांनी तिला सहज विचारलं, "रंभा, तुम्हारे गाँव में शनिवार को शादी है?"

"हाय ना, साह्यब. मी पन जानार हाय. मटान हाय."

बाहेर आल्यावर धर्मराज तिला म्हणाला, "रंभाताई, श्रावणात मटण?"

"साह्यबाला कवा कललाय श्रावन? तुमी लगीन लावता ते चालतं, मी बकरा कापला ते नाय चालत?"

भाद्रपदात गणपती गेले आणि भामाचा फोन आला. पौर्णिमेच्या उधाणाला ती उघाडी उघडणार होती. आदल्या वर्षीचं तळं रिकामं गेलं होतं, यंदाची पिल्लं तेवढ्याच भरतीला मिळणार होती. "तेवरा दोन दिवस संभाल, बाबा."

वेणूसाहेब मात्र त्या दिवशी ऐकेनात. काम फार तुंबलं होतं, वरून ओरडा चालू होता. "हर हफ्ते शादी, घरत! ये कौन है इतना बड़ा आदमी?"

धर्मराजने मला नंतर सांगितलं, त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर फक्त भामाचं तळं होतं. तो म्हणाला, "मेरी बहन के घर है, साहब. मेरी भांजी. रंजिता."

आवाज जराही कापला नाही.

"और लड़का?"

"कल्पेश."

वेणूसाहेब खुर्चीतून उठले. त्यांनी त्याचा हात हातात घेऊन दाबला, घरून आणलेल्या पायसमचा डबा त्याच्यापुढे ठेवला आणि दोन दिवस धुलाई बंद ठेवली. भामाने उघाडी उघडली. त्या वर्षी तिच्या तळ्यातलं एकही पिल्लू मेलं नाही.

रंजिता तेव्हा बावीस वर्षांची होती. गावच्या बालवाडीत शिकवायची. मी तिला एकदा पाहिलं होतं, भुवया उंचावून बोलायची, मामाची फिरकी घ्यायची. तिचं गव्हाणच्या हितेशशी ठरत आलं होतं. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती. साखरपुडा दिवाळीनंतर करायचा होता. बोलणी धर्मराजनेच केली होती, कारण तो एकुलता मामा. लग्नात नवरीला मांडवात आणायची, तिच्या पाठीशी उभं राहायची, ते मान त्याचे. त्यासाठी त्याने पांढरा फेटा आधीच घेऊन ठेवला होता, आणि ते सांगताना तो कारखान्याच्या ढालीपेक्षा जास्त फुलला होता.

पौर्णिमेच्या दिवशी त्याला मुंबईच्या कार्यालयात बैठक होती. वेणूसाहेबांना वाटलं, बिचारा घरचं कार्य सोडून कंपनीसाठी गेला, आपण त्याला आनंदाचा धक्का देऊ. त्यांनी कळंबोलीतून एक फ्लेक्स छापून घेतला आणि सकाळीच छापणाऱ्याची माणसं पाठवून भामाच्या गावच्या नाक्यावर लावला. दहा फूट बाय आठ फूट. गुलाबाची फुलं, गुंफलेले दोन हात, कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह. "चि. सौ. कां. रंजिता व चि. कल्पेश यांना शुभविवाहाच्या हार्दिक शुभेच्छा." खाली, "आमचे लाडके जनसंपर्क अधिकारी श्री. धर्मराज घरत यांची भाची."

उद्यापासून पितृपंधरवडा, आणि नाक्यावर लग्नाचा फ्लेक्स! भाद्रपदात हळद लागते ती एकाच कारणाने, असं गाव धरून चालतं. मुलीचं काहीतरी लपवायचं आहे आणि दिवस थांबायला तयार नाहीत. त्यातून मुलगा हितेश नव्हे, कुणी कल्पेश. हितेशच्या मामाचे कळंबोलीला ट्रक होते. दुपारी बारापर्यंत फ्लेक्सचा फोटो त्याच्या मोबाईलवर होता, एकपर्यंत गव्हाणला.

मुंबईच्या बैठकीतच धर्मराजचा फोन वाजला. पलीकडून भामा ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "धर्मा, माज्या पोरीचा लगीन तू कवा लावलास?"

संध्याकाळी त्याने स्वतः नाक्यावर चढून तो फ्लेक्स फाडला. पण दिवसभर सगळ्यांनी वाचलेला कागद फाडून काय होणार होतं?

यानंतर अकरा दिवस गेले.

पहिल्या दिवशी त्याने जे केलं ते त्याच्या धंद्याला शोभणारं होतं. गावात आणि गव्हाणला पत्रक वाटलं, छापखान्याच्या चुकीमुळे नावांची अदलाबदल झाली, क्षमस्व. लोकांनी वाचलं आणि विचारलं, नावं चुकली, मग तारीखही चुकली का? आणि हा कल्पेश कोण? पत्रकाने संशय दुप्पट केला.

चौथ्या दिवशी हितेशचे वडील शिवा ठाकूर भामाच्या ओटीवर येऊन बसले. सभ्य माणूस. चहाही घेतला. म्हणाले, "पोरीवर आमचा राग नाय. पन आमाला पन गावात रावाचा हाय. खरा काय ते गावासमोर बोला, आमी ऐकतो."

धर्मराज म्हणाला, "चार दिवस द्या."

तिथून तो माझ्याकडे आला. मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. शर्टाची बटणं चुकलेली. खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. हळद खोटी का लावली, तर धुलाई थांबवायला. धुलाई का थांबवायची, तर ती रिकाम्या दिवशी खाडीत जाते. रिकामे दिवस कुणी दिले? त्याची नोकरी जाणार, वेणूसाहेबांची जाणार, आणि दिवाळीपर्यंतचे उरलेले ठिपकेही जाणार. "आणखी दीड महिना निभावलं की पाऊस संपतो, बाई. तोपर्यंत गप्प राहिलो तर खाडी वाचते. बोललो तर रंजी वाचते."

त्याने मला विचारलं होतं. मी म्हणायला हवं होतं, ऊठ, आत्ताच जा, मी येते बरोबर. त्याऐवजी मी पंचेचाळीस वर्षांच्या अनुभवाच्या तोऱ्यात म्हटलं, "घाई करू नकोस. प्रवेश चुकीच्या वेळी घेतला की चांगलं वाक्यही पडतं. लोकांचा राग निवू दे."

तो थांबला. मुलीच्या अब्रूची गोष्ट नाटकाच्या मापाने मोजायची नसते, हे मला त्या वयातही कळलं नाही.

अकराव्या दिवशी त्याला आपणच राहवलं नाही. गावच्या देवळात त्याने सभा बोलावली. मी गेले, बायकांत बसले. भामा खांबाला टेकून होती, रंजिता तिच्या शेजारी, मान ताठ. गव्हाणहून कुणी आलं नव्हतं. तो उभा राहिला आणि त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. बापाची माफी, पिवळे ठिपके, रिकामे चार महिने, खोट्या हळदी, पौर्णिमा, कल्पेश. एक शब्द सजवला नाही. "रंजिताचं कुणाशीही काही नाही. कल्पेश नावाचा माणूसच नाही. तो मी बनवला," असं म्हणून तो थांबला.

मला वाटलं होतं, लोक त्याला डोक्यावर घेतील. माणूस नोकरी पणाला लावून खाडीसाठी खोटं बोलला होता! तसं झालं नाही. मग सोनाबाई नावाची एक म्हातारी उठली. खाडीतली कोळंबी, निवट्या पकडून पनवेलच्या बाजारात विकणारी.

"म्हंजे धर्मा, गेले साली खारीत घान कवा सुटते ते तुला म्हाईत होता?"

"हो."

"कंचे दिवशी ते पन?"

"हो, आजी."

"आनी मी रोज त्याच पान्यात उतरत होते. तू माज्या दारावरनं जीप घेऊन जायचास. राम राम करायचास."

सोनाबाईने पदराने पाय झाकून घेतले, पण आम्ही शेजारच्या बायकांनी तिच्या पोटऱ्यांवरचे चट्टे पाहिले होते.

त्याच्या खऱ्या बोलण्याने रंजिताचं नाव धुतलं गेलं. पुढे तिच्याबद्दल कुणी वावगं बोललं नाही. पण गव्हाणकरांनी त्याच आठवड्यात दुसऱ्या घरी शब्द देऊन टाकला होता, पंधरवडा सरला की सुपारी फुटणार होती. मधले सहा-सात दिवस आमच्या शहाणपणाने खाल्ले.

देवळाबाहेर तो चपला शोधत होता. रंजिता त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. मी जवळच होते, म्हणून ऐकलं.

"मामा, नाव माझं होतं ना?"

"चुकलं माझं, रंजी."

"चुकलं ते ऐकलं मी आत. तू मला विचारलंस का नाही, ते सांग. आईच्या तळ्यासाठी मी दिलं असतं नाव. हितेशला आधी सांगून ठेवलं असतं, आम्ही दोघं हसलो असतो. सगळ्या गावाला विचारून ठिपके लावायचास, मलाच तेवढं नाही विचारलंस."

तो तिथेच पायरीवर बसला.

धर्मराजने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. देवळातलं बोलणं वर्तमानपत्रात गेलं, तपासणीला माणसं आली, वेणूसाहेबांची बदली झाली. जाताना ते धर्मराजला भेटले नाहीत, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? त्यांच्या चांगुलपणाचाच बोर्ड होऊन नाक्यावर लागला होता. वर्षभरात कारखान्याने मोठी टाकी बांधली. खाडीचं पाणी थोडं सुधारलं. बरीच वर्षं मी मनाशी म्हणत असे, बघा, शेवटी फळ मिळालं. पण फळ मोजताना कुणाकुणाला वजा करायचं हे ठरवणारी मी कोण?

धर्मराज मग पनवेलच्या एका शाळेत कार्यालयात लागला. शनिवारी यायचा, बसायचा, जायचा. कुठल्याही हळदीला त्याला बोलावणं येत नसे. आठ गावांतल्या पत्रिका ज्याच्या दारी यायच्या, त्याच्या दारी एकही येईना.

२०११ च्या वैशाखात रंजिताचं लग्न ठरलं. पेणकडचा शिक्षक मुलगा, दोघांनी एकमेकांना शोधलेलं. पत्रिका मला आली. धर्मराजला भामाने फोन केला. गावकीने सांगितलं होतं, जेवायला येऊ दे, मामा म्हणून उभा राहायचा नाय. तो मान चुलत भावाकडे गेला होता. फोनवर भामा रडली असं तो म्हणाला. मग म्हणाला, "मी जाणार, बाई. तुम्ही याल ना बरोबर?"

मी त्याला म्हटलं, "तो फेटा तरी बांध." त्याने नको म्हणून मान हलवली.

आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर गाड्यांचा गोंधळ उडाला होता. टेम्पो, जीप, मोटारी, कुणी कुठेही लावलेल्या. त्याने मला मांडवात खुर्ची दिली आणि कुणी सांगितलं नसताना बाहेर जाऊन गाड्या लावायला लागला. "तुमची पुढे घ्या, काका. तिथे नाल्याकडे नको, चाक खचेल." लोक ऐकत होते. काहींनी ओळखलं, काहींनी ओळखून न ओळखल्यासारखं केलं.

अंतरपाट धरला गेला. रंजिता मुंडावळ्या बांधून आली, पाठीशी चुलत मामा. तिने एकदा मान वळवून मांडवाच्या दाराकडे पाहिलं. भटजींनी सूर लावला. मला बसवेना. मी उठून बाहेर आले.

तो रस्त्याच्या पलीकडे, दोन गाड्यांच्या मध्ये उभा होता. रंभा कुठून तरी आली, कारखान्यातलीच ती, आणि तिने पदरातल्या मूठभर अक्षता त्याच्या हातात ओतल्या. "घ्या, दादा. लांबून पन लागतान." प्रत्येक "सावधान"ला तो हात उंचावून अक्षता टाकत होता. मांडव तिथून पन्नास पावलांवर होता. तांदूळ एका पांढऱ्या मोटारीच्या बॉनेटवर पडत होते आणि उन्हात घसरून खाली जात होते.

बँड वाजला, आत एकच गलका झाला. मी त्याच्या जवळ गेले. आयुष्यभर मी दुसऱ्यांची वाक्यं बोलत आले होते, इथे माझं स्वतःचं हवं होतं.

तो म्हणाला, "बाई, ही गाडी कुणाची बघा ना. आडवी लावलीय. नवरीची गाडी निघायची झाली की अडेल." आणि तो नंबर मोठ्याने वाचत मांडवाकडे निघाला. दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबून आत हाक मारू लागला.